कमरेची जोखीम

आधी नसीम आपांचं नाव घेते. मूळ धुळ्याच्या. घरापासून लांब, परक्या शहराच्या विमानतळावर बायकांचं बाथरूम धुवायच्या. त्या नसत्या तर मी आज चोर असते.

तपासणीच्या चौकटीतून गेले आणि मशीन वाजलं. वर्दीतल्या बाईने पैंजणांकडे बोट केलं. काढले. पुन्हा वाजलं. केसांतल्या पिना काढल्या, ओढणीची पिन काढली. पुन्हा वाजलं. रांगेतून कुणी तरी म्हणालं, "भंगार की दुकान है क्या?" सगळे हसले.

मग दांडकं माझ्या कमरेवर फिरलं. सलवारीच्या नाडीला बांधलेली पुरचुंडी निघाली. आत हार, पाटल्या. माईंच्या.

माई म्हणजे जळगावच्या माझ्या शेठाणी. सहावीत शाळा सुटली, तेव्हा एरंडोलकडच्या आमच्या गावातून मी त्यांच्याकडे आले. पोटाला दिलं त्यांनी, नाही म्हणणार नाही. चारचौघांत सांगायच्या, "लेकच शे ही मनी." त्यांची लेक, हे मी खरं धरून होते. पाण्याच्या माठाला हात लावू द्यायच्या नाहीत. तेही चालवून घेतलं.

प्रवासात जवळ बाळगायच्या सोन्याला आमच्याकडे जोखीम म्हणतात. एस.टी.त माई ती माझ्याच कमरेला बांधायच्या. म्हणायच्या, गरिबाच्या कपड्यांकडे चोर बघत नाही. विमानाची आम्हा दोघींची पहिलीच वेळ. बाथरूममध्ये नेऊन त्यांनी तेच केलं. मशीन माणसाचं अंगही तपासतं, हे ना त्यांना ठाऊक, ना मला.

"किसका है?" वर्दीवालीने विचारलं. मी माईंकडे पाहिलं. वाटलं, सुटले.

"अगं बाई, माझा हार!" माई ओरडल्या. "घरात घेतलं, लेक म्हटलं, शेवटी जातीवर गेलीस!"

रांग बघत होती. सोनं लपवणारी बाई त्यांना व्हायचं नव्हतं. म्हणून मी चोर.

'पुलिस' एवढा शब्द कानावर आला.

समोरच्या बाथरूममधून आपा आल्या. हातात ओलं फडकं.

"रडू नको, माय. मी बठ्ठं देखेल शे."

सगळं पाहिलंय म्हणत होत्या, माझ्याच गावाकडच्या बोलीत. तिथे. मग त्या वर्दीवालीला म्हणाल्या, "इसी अम्मा ने बाँधा मैडम, मेरे सामने."

माई लगेच हसल्या. "अरे हो, मीच दिली होती की! वय झालं आता. चल गं, बॅग उचल. मनाला लावून घेऊ नको."

मी पैंजण घातले. ओढणीला पिन लावली. बॅग उचलली नाही.

"तुमची जोखीम तुम्हीच बांधा, माई," म्हटलं आणि मागे फिरले.

मागे आपांचा सुपरवायझर त्यांच्यावर ओरडत होता, "तुझसे किसने पूछा था?"

कुणीच विचारलं नव्हतं.

आता याच शहरात एका मेसमध्ये पोळ्या लाटते. जीव अजून घाबरा होतो. पण कुणी लेक म्हटलं, की आधी माठ कुठे आहे ते बघते. माझ्या हाताने पाणी घेते. घेऊ दिलं नाही, तर तिथे थांबत नाही.

आपा, तुमच्याकडे कधी कुणी बोट केलं, तर मला हाक मारा. मला कुणी विचारो न विचारो, मी पुढे येऊन बोलेन. हे तुमचं माझ्याकडे राहिलंय. फेडीन.