बद्रीनाथरावांचा मुक्कामतळ

बद्रीनाथराव एसटीत ड्रायव्हर होते, आणि नोकरीचा बहुतेक काळ त्यांनी मुक्कामी गाडीवर काढला. संध्याकाळी शेवटची गाडी घेऊन आडगावी जायचं, बाकांवर पथारी टाकून गाडीतच झोपायचं, पहाटे तीच गाडी घेऊन परत यायचं. त्यामुळे कुठल्याही गावाचं नाव काढलं की ते तिथलं देऊळ किंवा बाजार सांगत नाहीत. "तिथे नळ जवळ होता," म्हणतात, नाहीतर, "तिथली कुत्री फार नाठाळ."

निवृत्त झाल्यावर ते धायरीत आमच्या शेजारी राहायला आले. सकाळी मी देवाची फुलं तोडायला अंगणात गेले की कुंपणापलीकडून त्यांचं आणि मुक्ताईवहिनींचं जुंपलेलं ऐकू येतं. ते भांडण नसतं. त्या घरात तसंच बोलतात.

यंदा महापालिकेने ओढ्याजवळच्या मोकळ्या जागेत कॅराव्हॅनवाल्यांसाठी तळ करायचं ठरवलं. कॅराव्हॅन म्हणजे पलंग, ओटा, संडास सगळं पोटात घेऊन फिरणारी गाडी. देखरेखीचं काम बद्रीनाथरावांना मिळालं. मला म्हणाले, "वहिनी, जन्मभर मी हा तळ मनात बांधत होतो. कुठे पाणी नाही, कुठे संडास नाही, कुठे दिवा थेट डोळ्यावर. आता एकदा नीट करून दाखवतो."

महापालिकेचे साहेब मात्र बजावून गेले होते. "पहिली गाडी शनिवारी येईल. रविवारी संध्याकाळी मी स्वतः त्यांना विचारणार. पाहुण्यांनी नावं ठेवली, तर जागा पे अँड पार्कला जाईल."

बद्रीनाथरावांनी जिवाचं रान केलं. दिवे गुडघ्याएवढ्या उंचीवर लावून घेतले. गाडीतल्या संडासाची टाकी रिकामी करायला ओढ्यापासून लांब, झाकणाची जागा करून घेतली. राहिले गाडी लावायचे पट्टे. चुन्याची बादली घेऊन ते निघाले, तर मुक्ताईवहिनी आडव्या आल्या.

"घराचं तोंड पूर्वेला हवं."

"अगं, गाडी आहे ती. तिचं तोंड म्हणजे बॉनेट."

"लोक झोपणार कुठे, बॉनेटवर? घराचं तोंड म्हणजे दार. दार पूर्वेला येऊ दे."

"दार गाडीच्या डाव्या अंगाला असतं. ते पूर्वेला केलं की बॉनेट दक्षिणेला जातं. म्हणजे ओढ्याकडे, थेट उतारावर."

"मग? गाडीला हँडब्रेक असतो ना? की नोकरीत तो नुसता शोभेला होता?"

हँडब्रेकचं नाव निघाल्यावर बद्रीनाथरावांनी बादली उचलली. पट्टे उतारावर मारले गेले.

शनिवारी दुपारी नागपूरकडचं एक निवृत्त जोडपं आलं, श्रीधरराव आणि श्यामलाताई. रविवारी सकाळी मी आणि वहिनी चहा घेऊन गेलो, तर श्रीधरराव मान धरून बाहेर बसलेले, आणि बद्रीनाथराव समोर अपराध्यासारखे उभे.

"रात्रभर मी यांच्या अंगावर घसरत होते," श्यामलाताई म्हणाल्या. "या वयात बरं दिसतं का ते?"

वहिनींना हसू आवरेना. पण गाडीतल्या देवांपुढच्या निरांजनातलं तूप एका बाजूला जाऊन वात कोरडी पडली होती, हे ऐकलं आणि त्यांचं हसू मावळलं. पूजेत असं व्हावं, माझ्याही जिवाला लागलं. संध्याकाळी साहेब येणार होते.

"उतारावर गाडी आडवी लावायची, खालच्या चाकांखाली फळी सारली की सपाट, हे मी उमेदवारीत शिकलोय," बद्रीनाथराव पुटपुटले.

"आडवी लावली तर दार?"

"दक्षिणेला. सावलीचा कडुनिंब तिकडेच आहे. उत्तरेला रस्त्याची धूळ."

"पहिल्याच पाहुण्यांना मी यमाच्या दिशेला बसवू?" वहिनींचा आवाज चढला.

श्यामलाताई दारातून ऐकत होत्या. म्हणाल्या, "दोघी जरा आत या."

ओट्याशेजारी एका फळीवर फिरती तबकडी होती, जेवणाच्या टेबलावर लोणची-चटण्या ठेवतात तसली. त्यावर गणपती, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण. प्रवासात पडू नयेत म्हणून भोवती छोटा पितळी कठडा.

"आमचं घर रोज तोंड फिरवतं," त्या म्हणाल्या. "घराशी किती भांडू? मी देवांनाच पूर्वेला वळवते."

वहिनींना पूर्व विचारून त्यांनी एका बोटाने तबकडी ढकलली. बाळकृष्ण सावकाश फिरत आले आणि वहिनींसमोर थांबले. वहिनींचे हात आपोआप जोडले गेले. मग त्यांनी दारातून हाक मारली, "अहो, बघत काय उभे राहिलात? गाडी आडवी घ्या! चहा निवतोय."

संध्याकाळी साहेब आले. "काही तक्रार?"

"एक आहे," श्यामलाताई म्हणाल्या. बद्रीनाथरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"गाडी आता सपाट उभी आहे. पाणी आहे, दिवा डोळ्यावर येत नाही, घाण टाकायची सोय झाकलेली आहे. पेन्शन किती, असंही कोणी विचारलं नाही. पण चहूबाजूंनी एवढ्या इमारती, की पूर्व सापडत नाही. आज मुक्ताईंनी सांगितली. उद्या येणाऱ्याला कोण सांगेल?"

"मोबाईलमध्ये दिसते की."

"पूजेच्या आधी मी मोबाईलला हात लावत नाही."

साहेब हसले. "तळ राहील. बद्रीनाथराव, पूर्वेचं तेवढं बघा."

सोमवारी जुने पट्टे पुसले, नवे आडवे मारले, आणि प्रत्येक जागेपाशी गेरूने एक छोटा बाण काढला. वहिनी देखरेखीला होत्याच. इमारतींच्या फटीतून ऊन आलं, तशा त्या म्हणाल्या, "सूर्य इकडे आलाय. तुमचा बाण तिकडे."

"अगं, थंडीत सूर्य दक्षिणेकडे सरकतो. मी बाण कसा सरकवू?"

"का? श्यामलाताईंचे देव फिरतात की!"