जावेची चरबी चालत नाही

“ऑस्टिओआर्थ्रायटिस,” डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले. म्हणजे गुडघ्यातली गादी झिजणं. “आता उकिडवं बसणं विसरा, काकू.”

विसरा म्हणे! मेथी काय झाडाला लागते? मखमलाबादकडे आमचा मळा. लग्न होऊन आले तेव्हापासून उकिडवं बसून मेथी उपटतेय. बसताच येणार नसेल तर मळ्यात माझं काम काय? मला तिथेच रडू आलं.

दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. गोळ्या झाल्या, शेक झाले, तेलं झाली. दवाखान्याला जाताना द्वारका चौकाच्या गर्दीत रिक्षा अडकायची आणि गुडघा ठणकायचा. दवाखान्यातल्या बाकावर बसून बसून जीव विटला. नंबर आला तरी उठवत नसे.

मग डॉक्टरांनी स्टेम सेल्सचं काढलं. म्हणजे मूळपेशी, त्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात. पोटातली चरबी नळीने ओढायची, तिच्यातून या पेशी वेगळ्या करायच्या आणि गुडघ्यात टोचायच्या. “हे अजून प्रयोगातलं आहे, खात्री देत नाही,” असं त्यांनी बजावलं. मला मात्र एवढंच ऐकू आलं, की गादी पुन्हा उगवणार.

त्यांनी माझं पोट चिमटीत धरून पाहिलं. “इथे काढण्यासारखं काही नाही हो.” कसं असणार? सोमवार, चतुर्थी, एकादशी, माझे उपास काय थोडे होते!

सोबत धाकटी जाऊ होती, सुनंदा. अंगाने चांगली भरलेली. ती पुढे सरसावली. “डॉक्टर, माझी घ्या ना! लय हाय.”

“परक्याची नको. ज्याची त्यालाच बरी.”

“परकी? अहो, ताईंची सख्खी जाऊ हाय मी!”

डॉक्टर हसले. मला हसू येईना. आजवर आम्ही चुलीवरून भांडलो, पाण्याच्या पाळीवरून भांडलो, आणि ही बया अंगातलं काढून द्यायला निघाली होती.

वजन वाढवून या, असं ठरलं. सुनंदाने माझे उपास मोडले. “देवाला मी सांगते,” म्हणत शेंगदाण्याचे लाडू पुढ्यात ठेवायची. खाण्याचाही शीण येतो, खरं सांगते.

शेवटी चरबी निघाली, इंजेक्शन झालं. पोट काळंनिळं पडलं. गुडघा परवडला, पण पोट नको असं झालं. काही महिन्यांनी एमआरआय केला.

“उगवली का गादी?” मी विचारलं.

“नाही, काकू. झीज आहे तशीच आहे. दुखणं कमी झालं असेल तर तेवढा फायदा समजा. उकिडवं मात्र बसायचं नाही.”

दुखणं कमी झालं होतं. झोप लागत होती. ते पेशींमुळे की आरामामुळे, डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना. तुमच्यापैकी कुणी या वाटेला जाणार असेल, तर आधी नीट विचारा: नवं काही येणार, की नुसतं दुखायचं थांबणार?

मळ्याकडे जायची मला इच्छाच उरली नव्हती. एका सकाळी सुनंदाने हाताला धरून नेलं, बांधावर स्टूल ठेवलं आणि उपटलेल्या मेथीचा ढीग माझ्या मांडीवर टाकला.

“बांधा जुड्या, ताई. खाली बसायला मी हाय.”

तिची चरबी मला चालली नाही. तिच्या गुडघ्यांवर मात्र माझी मेथी आजही बाजारात जाते.