संशोधनाची इर्जिक

माझ्या पीएच.डी.चं संशोधन आमच्या आण्णांनी एका दुपारीत उरकलं.

विषय होता मनुष्यबळ व्यवस्थापन. कारखान्यातले कामगार आपल्या कामावर कितपत खूश आहेत, हे दीडशे जणांकडून प्रश्नावली भरून घेऊन शोधायचं होतं. कारखान्याच्या साहेबांनी मला दोन महिने गेटवर ताटकळत ठेवलं आणि नोंदणीची मुदत संपायला एक महिना उरला. ती संपली की सहा वर्षं पाण्यात. डिंगोऱ्याला गावच्या घरी आलो की जेवताना माझं हेच रडगाणं. ही माझी पहिली चूक.

"किती कागद हायेत?" आण्णांनी विचारलं.

"दीडशे."

"मंग येवढं काय त्यात," म्हणत ते हात धुवायला उठले.

पुढच्या रविवारी पुण्याहून आळेफाट्यामार्गे घरी पोचतो, तर खळ्यात पन्नास माणसं मांडी घालून बसलेली आणि प्रत्येकापुढे मी घरी ठेवलेल्या कोऱ्या प्रश्नावलीचे तीन-तीन कागद. आण्णांनी चक्क इर्जिक घातली होती! म्हणजे एकाच्या कामाला सगळ्या गावानं फुकट यायचं, त्यानं जेवू घालायचं आणि नंतर सगळ्यांच्या कामाला जायचं. (नांगरटीची इर्जिक मी पाहिली होती, संशोधनाची ही पहिलीच.) माझी बायको सुनंदा शाळेत शिकवते, ती खड्या आवाजात प्रश्न वाचून दाखवत होती.

"अगं, हे कामगार नाहीत," मी ओरडलो.

"मग काय बसून खातात?" ती म्हणाली.

"आण्णा, हे थांबवा. हे कारखान्यातल्या लोकांनी भरायचं असतं."

"भरलं का त्यांनी?"

"नाही."

"मंग? आन् तिकडं मटान शिजतंय. आता पावन्यान्ला काय उठा म्हनू?"

संतापानं माझं डोकं फिरलं होतं. मटण मात्र मी दोनदा वाढून घेतलं.

ते कागद चुलीत घालायला हवे होते. पण मुदत मानगुटीवर बसलेली. मी ते न वाचताच पिशवीत कोंबले आणि पुण्याला मार्गदर्शक बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवले.

"कामाच्या ठिकाणी सर्वात मोठा धोका कोणता?" बाईंनी वाचायला सुरुवात केली. "बिबट्या. पुढचा, बिबट्या. दीडशेच्या दीडशे जणांना बिबट्या. कारखाना नक्की कुठे आहे?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घालू लागलो.

"वरिष्ठांविषयी तक्रार: आण्णांनी रस्सा पातळ केला." (शेवटचं पान जेवणानंतर भरलं होतं.) "हे आण्णा कोण, मॅनेजर?"

"वडील."

बाई हसल्यासुद्धा नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांनी सहा महिन्यांची मुदतवाढ मिळवून दिली आणि मला पुन्हा गेटवर धाडलं. समोरच्या चहाच्या टपरीवर बसून, शिफ्ट सुटली की एकेकाला गाठून मी खरे दीडशे कागद भरून घेतले आणि एकदाचा डॉक्टर झालो.

मला वाटलं, संपलं. पण पेढे वाटून होताच आण्णा म्हणाले, "पन्नास घरची मान्सं आलती आपल्याकडं. आता तुला जावं लागंल."

"पण ते सगळे कागद वाया गेले, आण्णा."

"कागद गेले. मान्सं आलतीच ना?"

तेव्हापासून माझे रविवार लोकांच्या शेतावर जाऊ लागले. पहिली पाळी शेजारच्या सरूबाईंच्या कांदा लागवडीची. तासाभरात त्या माझ्या वाफ्याशी येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"दाक्तर, समदी रोपं आडवी पडल्याती. आसा गडी कामाला आला तं त्याचं काय करायचं, ते न्हाई का तुमच्या पुस्तकात?"

आहे ना. माझ्या प्रबंधाचं अख्खं पाचवं प्रकरण त्यावरच आहे: माणसाला एखादं काम जमत नसेल, तर त्याला झेपेल असं दुसरं द्यावं. सरूबाईंनी ते न वाचताच मला बाजूला काढलं आणि माझ्या हातात पाण्याची कळशी दिली. तीही अर्धीच भरून.