कढीतली मंडळी

आमच्या वरच्या मजल्यावर रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. दार उघडायच्या आधीच त्यांचं बोलणं सुरू झालेलं असतं. केफिरच्या जिवंत दाण्यांना ते 'मंडळी' म्हणतात. फ्लॉवरच्या तुऱ्यांसारखे हे दाणे दुधात टाकले की एका दिवसात दूध आंबतं. मग ते गाळायचं आणि मंडळींना ताजं दूध द्यायचं. काका रोज बरणी उजेडात धरून त्यांची तब्येत बघतात.

मागे लेकीकडे लातूरला जाताना त्यांनी सगळी मंडळी माझ्या हवाली केली. "सर, लई डोकं लावू नका. फक्त दूध बदला."

मी डोकं लावलं. तिसऱ्या दिवशी आंबट दूध वाया जाऊ नये म्हणून त्याला बेसन लावून झकास कढी केली. गाळायचं मात्र राहून गेलं.

त्याच संध्याकाळी काका आले. मी खाली मान घालून कबुली दिली. ते मटकन खुर्चीत बसले.

"शिल्लक हाय का थोडी?"

मी वाटी आणली. त्यांनी चमच्याने एक दाणा वर काढला, बराच वेळ बघितला आणि खाल्ला. मग वाटी पुढे केली. "अजून वाढा. मीठ कमी हाय."

दुसऱ्या दिवशी ते सकाळच्या एसटीने पुन्हा लातूरला गेले. लेकीला पूर्वी दिलेल्या दाण्यांतले थोडे मागून आणले आणि संध्याकाळी माझ्या दारात दोन बरण्या घेऊन उभे राहिले.

"ही सांभाळायला," ते म्हणाले. "अन् ही मोठी, कढीला."