एका शब्दाचं पोस्टकार्ड

श्रीराम नेर्लेकरला बघून लोक आधी हसायचे आणि मग त्याच्यासोबत फोटो काढायचे. त्यात त्यांची तरी काय चूक म्हणा. सहा फुटी, सावळा, कुरळ्या केसांचा मराठी पोरगा. अंगात चामड्याची अर्धी चड्डी, खांद्यांवरून भरतकामाचे पट्टे, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे, डोक्यावर पीस खोचलेली हिरवी टोपी आणि छातीवर बिल्ला: हर्मन. श्रीराम असं लिहिलं तर गिऱ्हाईक कोंबडी गार होईस्तोवर नावाची चौकशी करत बसेल, असं रेस्टॉरंटच्या मालकीणबाई मिसेस ग्रूबर म्हणाल्या आणि त्यांनी रामाचा हर्मन करून टाकला.

गावाचं नाव नॉयटाल. मिशिगनमधलंच, डेट्रॉइटपासून दीड तासावर. जर्मनीतल्या कुठल्याशा खेड्यातली माणसं शेसव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या पाद्र्याला घेऊन इथं आली, शेती केली, चर्च बांधलं. नातवंडं-पतवंडं झाली ती जर्मन विसरली. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की हायवेवरचे लोक गावात आणायचे, तर गाव जर्मन दिसलं पाहिजे. घरांना लाकडी नक्षी ठोकली, चौकात घड्याळ बसवलं, त्यातून दर तासाला बाहुल्या बाहेर येऊन नाचायला लागल्या. हे असलं सोंग. आणि त्या गावात चर्चच्या शाळेत शिकलेलं बऱ्यापैकी जर्मन ज्यांना येत होतं, त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या पोरांत एक होता डॉक्टर प्रताप नेर्लेकरांचा श्रीराम. बासष्ट साली इथल्याच हॉस्पिटलात जन्मला. तरी रोज एकदा तरी कुणीतरी विचारायचंच, "व्हेअर आर यू फ्रॉम?" तो म्हणायचा, "हिअर." मग ठरलेला पुढचा प्रश्न, "नो, बट रिअली?"

याचाच त्याला एकविसाव्या वर्षी वीट आला. कॉलेज अर्धवट सोडून, पाठीवर सॅक टाकून तो इंडियात गेला. डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. "आम्ही इथं कशाला आलो मग?" एवढंच ते म्हणाले आणि महिनाभर बोलले नाहीत. श्रीराम सहा महिने हिंडला, नको तिथलं पाणी प्यायला आणि डोळे पिवळे करून कराडला वडिलांच्या शाळूसोबत्याच्या, त्र्यंबककाकांच्या दारात येऊन पडला. कावीळ. तीन महिने हलला नाही. उसाचा रस, मऊ भात, सक्तीची झोप. आणि त्र्यंबककाकांची मुलगी उत्तरा.

उत्तरा नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण होती. बोलायला फटकळ. श्रीरामचं मराठी ऐकून तिला हसू आवरायचं नाही, कारण ते मराठी त्याच्या आईचं होतं, वीस-पंचवीस वर्षं डब्यात झाकून ठेवलेलं. तो 'अगंबाई' म्हणायचा, 'इश्श' म्हणायचा. पुरुषानं असलं म्हणायचं नसतं हे त्याला सांगणार कोण? बरं वाटायला लागल्यावर एकदा औषधाच्या दुकानात निघाला आणि दारातून म्हणाला, "मी जातो." उत्तरानं त्याला परत बोलावलं, पायरीवर उभं केलं. "जातो म्हणायचं नाही. येतो म्हणायचं."

"पण मी तर गोइंग."

"तरीही येतो."

"आणि तू काय म्हणणार?"

"मी म्हणणार, ये."

त्याला हे भलतंच आवडलं. जाताना येतो म्हणणारी माणसं त्यानं पाहिली नव्हती. मग दिवसातून दहादा, उगाचच, "येतो" आणि "ये". चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात एसटी स्टँडवर, पुण्याच्या गाडीच्या दारात उभं राहून तो "येतो" म्हणाला, तेव्हा मात्र ती पटकन "ये" म्हणू शकली नाही. गाडी हलल्यावर म्हणाली. त्यानं तिच्या ओठांवरून ओळखलं.

आणि हे राजश्री परत चामड्याच्या चड्डीत आले. सकाळी दहाला कामावर, टेबलं लावायची, बस आली की दारात उभं राहून वाकायचं, कोंबडीच्या थाळ्या, कोबीच्या वाट्या, बाराला बाहुल्यांचा नाच, एकला पुन्हा नाच. संध्याकाळी घरी. हायस्कूलचे मित्र भेटले की विचारायचे, "सो, हाऊ वॉज इंडिया?" आणि उत्तर ऐकायच्या आत फुटबॉलवर जायचे. इंडियातून त्यानं रोजच्या जगण्यात एकच गोष्ट आणली होती. सकाळी दारात बूट घालताना तो म्हणायचा, "येतो." आणि त्याची आई, सुचित्रा, स्वयंपाकघरातून म्हणायची, "ये." पहिल्या दिवशी तिचा हात ओट्यावरच थांबला होता. त्या घरात हा शब्द कुणी तिला कधी म्हणालं नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, "ओके, बाय."

उत्तराची पत्रं यायची, निळे एरोग्राम. आणि इथं खरी गोची होती. श्रीरामला मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. पत्र आई वाचून दाखवायची, तो उत्तर सांगायचा, आई लिहायची. आईच्या तोंडून काय प्रेमपत्र ऐकणार, कपाळ? उत्तरालाही हे ठाऊक होतं, म्हणून ती पाऊसपाणी, शाळेची तपासणी, वडिलांचा खोकला असलं लिहायची, आणि आई ते बातम्या वाचाव्यात तसं वाचायची. पत्र वाचून झालं की घडी घालून ताटांच्या फडताळात ठेवून द्यायची.

मग श्रीरामनं हट्टानं ठरवलं. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला मृणालिनीकाकू दर रविवारी आपल्या बेसमेंटमध्ये मुलांना मराठी शिकवायच्या. तिथं सात-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत हा सहा फुटी घोडा गुडघे दुमडून बसायला लागला. येऊन-जाऊन तीन तास ड्राइव्ह, बर्फ असो की काही असो. पोरं खिदळायची. काकूंनी पहिल्याच दिवशी त्याच्याकडून स्वतःचं नाव गिरवून घेतलं, मग क, मग काना-मात्रा. आईनं लिहिलेल्या पत्रांखाली सही आता तो स्वतः मराठीत करायचा, त्यामुळे तो शिकतोय हे उत्तराला कळलं होतं. डिसेंबरपर्यंत तो साधे शब्द लिहायला लागला. जोडाक्षर आलं की मात्र त्याला घाम फुटायचा.

डिसेंबरच्या अखेरीस उत्तराचं पत्र आलं. घरी कुणी नव्हतं. त्यानं ते स्वतः उघडलं आणि खोलीचं दार लावून बोट ठेवत ठेवत वाचलं. दोन संध्याकाळी गेल्या. बाईनं त्याच्यासाठी मोठ्या अक्षरांत, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं लिहिलं होतं. हे पत्र आईकडून वाचून घेऊ नकोस. घरी स्थळं बघतायत. एक जण होकार देऊन बसलाय. मी फेब्रुवारीपर्यंत थांबवते. तू येणार असशील तर कधी ते लिही. येणार नसशील तर तसं लिही. लांबण नको. तुझ्या हातानं लिही.

असा आनंद त्याला आयुष्यात झाला नव्हता. जायचं, हे त्यानं वाचता वाचताच ठरवलं होतं. मिसेस ग्रूबरना ईस्टरपर्यंत माणूस लागणार होता, म्हणजे एप्रिलच्या शेवटी निघायचं. आता लिहायचं कसं? 'मी एप्रिलमध्ये येणार आहे.' एप्रिलचा प्रि! त्यानं चार कागद फाडले. 'मध्ये'नं आणखी तीन खाल्ले. तारखेचा आकडा नुसता टाकावा तर ती इंग्रजी वाटेल, आणि तिनं तर तुझ्या हातानं लिही म्हटलेलं. मास्तरणीला चुकांचं पत्र पाठवायचं त्याच्या जिवावर आलं. शेवटी त्याच्या लक्षात आलं की एक शब्द असा आहे जो त्याला बिनचूक येतो, ज्यात जोडाक्षर नाही, आणि जो तिनंच शिकवलाय. तिला सगळं कळेल. येतो म्हणजे येतो, आणखी काय सांगायचं राहिलं?

रेस्टॉरंटच्या काउंटरवरून त्यानं एक पोस्टकार्ड घेतलं, त्यावर नॉयटालच्या घड्याळाचं चित्र. मागे मधोमध, ठसठशीत अक्षरांत लिहिलं: येतो. खाली: श्रीराम. बस्स.

ते कार्ड स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्टॅम्पाची वाट बघत पडलं होतं, तेव्हा आईनं ते उचललं. चष्मा नव्हता, म्हणून हात लांब करून धरलं. बराच वेळ धरलं.

"काय रे हे?"

"उत्तरानं विचारलं होतं, मी येणार का. सो आय टोल्ड हर."

आईनं कार्ड उलटं करून घड्याळाचं चित्र बघितलं.

"बरोबर लिहिलंय ना? मिस्टेक असेल तर आताच सांग."

"एकही चूक नाही," आई म्हणाली. "अक्षर छान आलंय."

तिनं ड्रॉवरमधून स्टॅम्प काढला, जिभेनं ओला केला आणि कोपऱ्यात अंगठ्यानं दाबून बसवला.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. एरोग्रामवर जागा एवढी, आणि मजकूर दोन शब्दांचा. बरं. ये. खाली उत्तरा. जोडाक्षर फक्त तिच्या नावात. श्रीरामनं ते उभ्या उभ्या, एका दमात वाचलं आणि कणीक मळणाऱ्या आईच्या नाकासमोर नाचवलं. "बघ, काय लिहिलंय बघ. ये म्हणतेय."

"हं," आई म्हणाली. कणीक केव्हाच मळून झाली होती, तरी ती मळत राहिली.

मग काय, हर्मनचे पाय जमिनीवर ठरेनात. ट्रॉयच्या एजंटाकडून पंचवीस एप्रिलचं तिकीट आणलं. डॉक्टरसुद्धा विरघळले, म्हणाले, "जा बाबा, बघ जमतंय का. अरे, तुझ्या वयाचा असताना मी तरी कुठे कुणाचं ऐकलं." आई मूग गिळून होती. तो रोज दारात "येतो" म्हणायचा आणि ती रोज "ये" म्हणायची. कधीकधी ते इतकं हळू असायचं की त्याला ऐकूही यायचं नाही.

एकोणीस एप्रिलला, शुक्रवारी, टपालात एक जाड पाकीट आलं. कोपऱ्यांना हळदकुंकू. पाकिटावर डॉक्टर व सौ. नेर्लेकर, पण श्रीरामला आता मराठी वाचायची हौस होती. त्यानं जिन्याच्या पायरीवर बसून ते फोडलं. सगळी जोडाक्षरं. चि. सौ. कां. म्हणजे काय ते त्याला कळेना. पण त्याच्यापुढचा शब्द त्याला चांगला वाचता येत होता. उत्तरा. मग दुसरं एक नाव, मग तारीख. चौदा एप्रिल. पाच दिवस होऊन गेले होते. खाली कोपऱ्यात पेननं, फळ्यावरच्या त्याच मोठ्या अक्षरांत, दोन ओळी: श्रीराम, तुझा निरोप पोचला. राग नाही.

त्यानं मृणालिनीकाकूंना फोन लावला. आवाज चढवून, इंग्रजी-मराठी घोटाळत सगळं सांगितलं. ती थांबणार होती, मी कळवलं होतं, तिनं ये म्हटलं होतं, मग हे काय?

"तू काय लिहिलं होतंस नक्की?" काकूंनी विचारलं.

"येतो."

"येतो आणि पुढे?"

"पुढे काही नाही. माझं नाव."

काकूंनी तो शब्द एकदा स्वतःशी म्हणून बघितला. त्यांच्याकडे मागे कुणाचं तरी पोर रडत होतं. "अरे राजा," त्या म्हणाल्या, "कधी ते लिहायचं होतंस रे. नुसतं येतो म्हणजे आपण निघताना म्हणतो. बायबाय करताना. तिनं विचारलं येणार का, आणि तू तारीख नाही, काही नाही, येतो लिहून खाली सही केलीस. तिला वाटलं तू निरोप घेतलास."

"पण तिनं ये लिहिलं."

"येतो म्हणणाऱ्याला आपण ये म्हणतो, श्रीराम. दुसरं काय म्हणणार?"

फोन ठेवताना त्याला कराडच्या घराची पायरी आठवली. मी म्हणणार, ये. तिनं शिकवलेलं सगळं त्यानं अगदी बरोबर लिहून पाठवलं होतं. आणि मग त्याला ते कार्ड हात लांब करून धरलेली आई आठवली.

आई ओट्यापाशी होती. पत्रिका त्यानं तिच्यासमोर ठेवली. तिनं ती उचलली नाही.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"तू विचारलंस चूक आहे का. चूक नव्हती."

"मॉम. यू न्यू."

"हो, माहीत होतं." सुचित्रानं पदराला हात पुसले. रडत नव्हती. वेळ आली की सांगायचं असं ठरवून बसल्यासारखी बोलली. "मी निघाले तेव्हा माझ्या आईला म्हटलं, येते. ती म्हणाली, ये. पंचवीस वर्षं होतील आता. तिच्या दिवसांनाही पोचले नाही मी. या गावात मला कोण आहे? बाहुल्या? त्या कोंबडीवाल्या बायका? एक तू आहेस. तू जाशील, तिकडेच राहशील, आणि दोन वर्षांनी एकदा विमानतळावर येतो म्हणशील. मला ते ये म्हणायचं नव्हतं. मी स्टॅम्प लावला. माझ्याच हातानं लावला. तुला काय म्हणायचंय ते म्हण."

इंग्रजीत म्हणता आलं असतं, तेवढे शब्द होते त्याच्याकडे. तो वर गेला आणि सॅक काढून भरू लागला. इंडियाचं तिकीट टेबलावर तसंच राहू दिलं. शिकागोला कॉलेजातला एक मित्र राहत होता, तिथं जमिनीवर झोपायला जागा मिळाली असती. हर्मनचा बिल्ला त्यानं खिडकीत ठेवला, मिसेस ग्रूबरना परत द्यायला डॉक्टरांना सापडेल असा.

दारात बसून त्यानं बुटांच्या नाड्या बांधल्या. सुचित्रा स्वयंपाकघराच्या चौकटीत येऊन उभी राहिली. रोजच्यासारखी. सॅक तिला दिसली होती, तरी ती थांबली होती, आणि तिचं तोंड तो शब्द म्हणायला अर्धवट उघडलेलं होतं. श्रीरामनं सॅक खांद्यावर घेतली आणि पहिल्यांदाच आईकडे नीट बघितलं.

"जातो," तो म्हणाला.