वहिनीची शिट्टी

"आत्या, आई गेली," भाचा फोनवर म्हणाला. आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "घरीच ना रे?" "हो, कोपरलाच." तेव्हा कुठे मी रडले. भाच्याच्या ठाण्यातल्या टॉवरमध्ये नाही, स्वतःच्या खाटेवर... जिंकली बाई!

सुमन माझी भावजय. दादा गेल्यावर कोपरच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर एकटीच राहायची. बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि हिची फुप्फुसं कामातून गेलेली. पोरगा म्हणाला, "आई, जिना चढवत नसेल तर चल ना माझ्याकडे." ही पेटलीच. "नसेल तर ना? बघच तू!" सुंभ जळेल, पण पीळ जाणार नाही, अशी आमची वहिनी.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं तिला समजावलं, की हवा आपण ओढून घेत नसतो. छाती फुगली की आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि हवा आपसूक आत शिरते. वहिनीचं घोडं अडायचं ते श्वास सोडताना. नळ्या मध्येच मिटायच्या, जुनी हवा आत अडकायची, मग नवीला जागा कुठली? त्यावर उपाय म्हणजे ओठांचा चंबू करून सावकाश सोडायची. दाब टिकतो, नळ्या उघड्या राहतात. "म्हणजे शिट्टीच की गं!" वहिनी म्हणाली.

झालं! दोन पायऱ्या, शिट्टी... दोन पायऱ्या, शिट्टी. सगळा जिना घुमायचा. पहिल्या मजल्यावरचे अण्णा एकदा दार उघडून म्हणाले, "सुमनताई, बाईमाणसानं शिट्टी वाजवणं शोभतं का?"

"श्वास घेणं शोभतं ना, अण्णा? मग हेही शोभेल." आणि त्यांच्याच दारात उभं राहून तिनं अख्खा श्वास शिट्टीत मोकळा केला. मी मागे होते, हसून हसून पुरेवाट! भाजीच्या पिशवीला मात्र शेवटपर्यंत मला हात लावू दिला नाही.

गेल्या रविवारी भाचा नि मी तिचं घर आवरायला गेलो. दुसऱ्या मजल्यावर मलाच धाप लागली. भाचा म्हणाला, "आत्या, थांब, खुर्ची आणतो." खुर्ची? या जिन्यात? मी कठडा धरला, ओठांचा चंबू केला. नुसतंच फुस्स... पुन्हा केला. खाली अण्णांचं दार वाजलं, ते मान वर करून बघायला लागले. मीही वाकून त्यांच्याकडेच बघत तिसऱ्यांदा फुंकर सोडली, आणि अशी खणखणीत शिट्टी वाजली म्हणता!

मी पुढची पायरी चढले.