दबा

मी टेक्सासमध्ये गार्डमध्ये होतो. गार्ड म्हणजे राज्याची राखीव फौज. एरवी नोकरी किंवा कॉलेज, महिन्यातून एक वीकेंड ड्रिल, आणि वादळ किंवा पूर आला की बोलावणं. परांड्याच्या शाळेतून मी वडिलांबरोबर अर्विंगला आलो तेव्हा मला इंग्रजी वाचता यायचं, पण बोलायला जीभ वळत नसे. कॉलेजची फी गार्डने भरली. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी त्या युनिफॉर्ममुळे झालो. पुढे जे लिहितो आहे त्याने ती कृतज्ञता कमी झालेली नाही.

आमच्या प्लॅटूनला नवे शब्द घडवायची सवय होती. ती लावली स्टाफ सर्जंट मोरालेस यांनी. रेडिओवर जे सांगायला अख्खं वाक्य लागतं त्यासाठी एक शब्द हवा, आणि त्याचा दुसरा अर्थ निघता कामा नये, असं ते म्हणायचे. वरून कोरडा दिसणारा पण खालून पुराने पोखरलेला रस्ता आला की आम्ही 'लायर', म्हणजे खोटारडा, म्हणायचो. तो शब्द आमचा ट्रक ड्रायव्हर होल्ट याचा. त्या एका शब्दाने आमचे ट्रक अनेकदा वाचले.

'दबा' हा शब्द माझा.

ट्रेनिंगमध्ये एका रिकाम्या घरावर चाल करायची होती. आतून रंगाच्या गोळ्या सुटत होत्या. त्या थांबल्या. होल्ट ओरडला, "ही स्टॉप्ड!" आम्ही उठलो आणि सगळेच्या सगळे निळे झालो. मोरालेसनी आम्हाला तिथेच बसवलं. 'स्टॉप्ड' म्हणजे गोळ्या संपल्या, तो पळाला, मेला, की वाट बघतोय? 'क्लिअर' म्हणजे धोका संपला, म्हणून ते चालणार नाही. 'क्वाएट' म्हणावं तर गप्प बसा असं वाटेल. मग ते माझ्याकडे वळले.

"जेडव, तुमच्या भाषेत आहे का काही?" जाधवचं त्यांनी जेडव केलं होतं.

मी सांगितलं, आहे. उंदराच्या बिळासमोर मांजर बसतं, हलत नाही, पण गेलेलं नसतं. त्याला आम्ही दबा धरून बसणं म्हणतो.

शब्द पास झाला. दबा, म्हणजे शत्रू शांत आहे पण तिथेच आहे, कोणीही हलू नका. अडचण एकच होती. अमेरिकन जिभेला आपला 'द' येत नाही. सगळे 'डबा' म्हणायचे. गोळीबार थांबला की अख्खी प्लॅटून जेवणाच्या डब्याच्या नावाने ओरडते आहे हे ऐकून मला पहिल्यांदा इतकं हसू आलं की मोरालेसनी मला पुशअप्स काढायला लावले. हसण्याचं कारण कळल्यावर होल्ट मला 'लंचबॉक्स' म्हणू लागला. पुढे ते हसूही गेलं. आम्हाला तो शब्द नवा राहिला नाही.

एका उन्हाळ्यात वादळानंतर आम्हाला किनाऱ्याजवळच्या एका गावी पाठवलं. शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये पाणी वाटायचं काम होतं. आमचा मेडिक, म्हणजे जखमींवर उपचार करणारा सैनिक, तापाने पडला होता. त्याच्या जागी दुसऱ्या कंपनीतून त्याच सकाळी रेणुका देवधर आली, हुद्दा स्पेशालिस्ट, सर्जंटच्या खालचा. मुलगी अमेरिकेतच, पार्सिपनीत जन्मलेली, नोकरीसाठी डॅलसला आलेली. मेडिकला सगळे 'डॉक' म्हणतात. माझ्या छातीवरचं नाव वाचून तिने थेट मराठीत विचारलं, "जाधव म्हणजे आपलेच ना? मग मी दादाच म्हणणार हं."

आम्ही ट्रकच्या सावलीत बसून नाश्ता केला. तिने आधीच सांगून टाकलं की तिचं मराठी फक्त किचनचं आहे. चमचा, ताट, डबा, पुरे, अजून घे. फोनवर आजी काही अवघड बोलली की ती आईकडे फोन द्यायची. मी तिला पोटभर खा म्हटलं तर तिने पाठीवरची औषधांची बॅग थोपटली. "दादा, हा माझा डबा. हा घेऊन कुठेही जाते मी."

मोरालेसनी तिला रेडिओची फ्रिक्वेन्सी दिली, कॉल साइन म्हणजे रेडिओवरचं नाव दिलं, गोळी कधी चालवायची याचे नियम सांगितले. दबा कोणी सांगितला नाही. सांगण्यासारखा तो शब्द आहे हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

दुपारी समोरच्या पशुखाद्याच्या दुकानातून गोळ्या सुटल्या. पुरात घर गेलेला एक माणूस शिकारीची रायफल घेऊन वरच्या खिडकीत बसला होता. पहिली गोळी पाण्याच्या बाटल्यांत शिरली. दुसरीने होल्टची मांडी फोडली. तो उघड्यावर पडला. रक्त उसळत होतं आणि सांडलेल्या पाण्यात पसरत होतं. लोक मुलांना ओढत शाळेकडे पळाले. मी ट्रकच्या इंजिनाआड, रेणुका मागच्या चाकाआड. आणखी काही गोळ्या ट्रकच्या पत्र्यावर आदळल्या. मग शांतता.

रेडिओवर मोरालेस ओरडले, "डबा! डबा! डबा!"

रेणुकाने माझ्याकडे पाहिलं. होकारार्थी मान डोलावली. तिला समजलं असं मला वाटलं. मग तिने बॅग छातीशी धरली.

"आणते, दादा!"

मी "नको!" म्हणून ओरडलो तेव्हा ती निघाली होती.

ती होल्टपर्यंत पोहोचली. गुडघ्यावर बसून तिने त्याच्या मांडीला रक्त थांबवायचा पट्टा घातला आणि तो आवळायची दांडी पिळायला लागली. खिडकीतून गोळी आली आणि तिच्या बुलेटप्रूफ व्हेस्टच्या वर, गळ्याजवळ लागली. ती होल्टच्या अंगावर कोसळली, पण दांडी सोडली नाही. दुसरी गोळी तिच्या पाठीला धडकली. ती सुटताना उडालेल्या ठिणगीमुळे मला खिडकीतला माणूस दिसला. मी दोनदा ट्रिगर ओढला. तो खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळला आणि तसाच राहिला.

मी पोहोचलो तेव्हा तिच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. होल्ट शुद्धीवर होता. तिच्या बोटांवर हात ठेवून त्याने दांडी धरून ठेवली होती. "शी गॉट इट टाइट," तिने घट्ट आवळलंय, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. हेलिकॉप्टर येण्याआधी ती गेली.

चौकशीत पहिल्यांदा लिहिलं गेलं की मेडिकने ऑर्डर नसताना आडोसा सोडला. ते वाक्य तिच्या घरी पोहोचलं.

अंत्यविधीनंतर मी आणि मोरालेस पार्सिपनीला तिच्या घरी गेलो. देवधर काका निवृत्त इंजिनिअर. ते मोरालेसना बसा म्हणाले आणि स्वतः उभेच राहिले. काकूंनी मला एकच विचारलं.

"ती शाळेपासून नियम पाळणारी. न सांगता कशी गेली?"

मी सगळं सांगितलं. शब्द कुठून आला, काय होता, काय ऐकू यायचा, आणि माझ्याकडून शिकलेल्या शब्दाने मोरालेस तिची बॅग मागताहेत असं तिला कसं वाटलं असेल. मोरालेसना मराठी कळत नव्हतं, पण मी त्या शब्दापाशी आलो तसं त्यांनी डोळे खाली केले. काकांनी दोन्ही शब्द हळूच उच्चारून पाहिले. 

मग काकू म्हणाल्या, "दबा तिला कुठून कळणार? आम्ही कधी शिकवलाच नाही तो. या घरात लागलाच नाही कधी."

परत येऊन मोरालेसनी आणि मी चौकशीत पुन्हा जबानी दिली. ते वाक्य काढलं गेलं. होल्ट काठी घेऊन चालतो, ट्रक चालवतो. ज्यांनी ते वाक्य ऐकलं आणि ते काढल्याचं ऐकलं नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहिलं आहे. स्पेशालिस्ट रेणुका देवधर हिने ऑर्डर मोडली नाही. तिला जी ऑर्डर ऐकू आली ती तिने शेवटपर्यंत पाळली.